वॉलपेपरच्या आतली रेघ

१९९१ साली उल्का इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका शहरात कौन्सिलमध्ये इंजिनिअर होती. समुद्राची पातळी वाढत चाललेली, म्हणून नवा बंधारा कुठून कुठपर्यंत बांधायचा हे ठरत होतं. बंदरामागची एक गल्ली त्यातून वगळली होती, कारण तिथं कधी पाणी शिरल्याची नोंदच नव्हती. उल्काला ते पटेना. “बाबा, प्रूफ मिळालं नाही तर ती सगळी घरं उघड्यावर राहणार,” ती म्हणाली. बाबा त्या भागातले जुने डॉक्टर. ते तिला गल्लीतल्या आपल्या पेशंटकडे, मिसेस हार्परकडे घेऊन गेले. १९५३ साली समुद्राचं पाणी शहरात शिरलं होतं, त्या पुराबद्दल विचारताच मिसेस हार्पर उठल्या आणि सुरीनं हॉलमधला वॉलपेपर सोलू लागल्या. आत प्लास्टरवर पेन्सिलीची आडवी रेघ होती, उल्काच्या छातीएवढ्या उंचीवर. “पाणी इथवर होतं. ओसरल्यावर नवऱ्यानं खूण केली. आमची धाकटी त्यात गेली. मला ती रेघ बघवेना, म्हणून कागद लावला.” उल्कानं टेप धरून उंची मोजली, फोटो घेतला. त्या पुराव्यावर महिन्याभरात गल्ली बंधाऱ्याच्या आत आली. बातमी सांगायला दोघं पुन्हा गेली. “थँक यू, मिसेस हार्पर. तुमच्यामुळे झालं हे,” उल्का म्हणाली. मिसेस हार्परनी तिचे दोन्ही हात घट्ट धरले. “नाही गं पोरी, आभार तर मी मानायचे. अडतीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, तू विचारलंस. रोझ नाव होतं तिचं.”