उन्हातली वीट

“डॉक्टर, दोन कासवांचं भांडण कसं सोडवायचं?”

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून निमोण्यातल्या जनावरांच्या शिबिरात, गायी-म्हशींच्या रांगेत बादलीत दोन कासवं घेऊन उभ्या राहिलेल्या करिश्मानं हे विचारलंच.

मागचे आप्पा म्हणाले, “आन् पोरी, दूध किती देत्यात गं ती?”

सगळी रांग खदाखदा हसली. करिश्मा कसली लाजतेय! “हसा हो आप्पा. पण डॉक्टर, धाकटं सारखं मोठ्याला चावतंय. देऊन टाकू का कुणाला?”

“चावतंय कोण ते सगळ्यांना दिसतं,” डॉक्टर म्हणाले. “जागा कोण अडवतंय, ते दोन दिवस बघ.”

तिनं बघितलं. घरच्या टबात उन्हाला बसायला एकच वीट, आणि तिच्यावर मोठं कासव दिवसभर ठाण मांडून. धाकटं वर चढू लागलं की ते त्याला ढकलायचं, तेव्हा कुठं धाकटं चावायचं. करिश्मानं शेजारी दुसरी वीट ठेवली आणि भांडण मिटलं.

ऐटीत ती हे सांगायला घरात धावली. दारात धाकट्या बहिणीची, ईश्वरीची बॅग भरून ठेवली होती. परवा ती करिश्माच्याच दंडाला कडकडून चावली, म्हणून आता तिला वरवंडला मावशीकडं ठेवायचं ठरलं होतं. जिन्यात बसून ती मांडीवर वही घेऊन गणितं सोडवत होती. घरातल्या एकुलत्या एका, खिडकीजवळच्या टेबलावर करिश्माचा पसारा होता.

 

“आई, पप्पा, ईश्वरी कुठं जाणार न्हाई. टेबल आजपासून तिचं. मोठं कासव मीच हाय.”