चेकवरचे नाव

खारदांड्याचे बळवंत, त्यांचे चिरंजीव धोंडिराम आणि धोंडिरामांचे मोरेश्वर, या तिघांनी दुसऱ्याच्या जाळ्यातली मासळी आपली म्हणून कधी विकली नाही. मोरेश्वरांचा कृणाल मात्र आज मुलुंडच्या महिला मंडळात मान खाली घालून पैसे मागत उभा होता.

कोळणींवरचा त्याचा माहितीपट मंडळ दर वर्धापनदिनी तिकीट लावून दाखवीत असे. त्याला शाल आणि नारळ मिळे. आठवा खेळ नुकताच संपला होता.

“आठ खेळांचे चाळीस हजार, काकू. चेक आजच हवा. नाव शेवटी सांगतो.”

अध्यक्षा नंदाताईंनी चष्मा काढला. “घरच्या माणसानं असं मागायचं?”

“वडेवाल्याला दिलेत ना?”

“वडे संपतात रे. तुझा चित्रपट संपला का?”

बायका हसल्या. कृणाल हसला नाही. “माणसं तो पाहायला येतात. करणाऱ्याच्या हाती काहीच पडू नये?”

“लाज नाही वाटत?”

“वाटते. फार वाटते.”

शेवटच्या रांगेत हेमांगी बसली होती. कृणालने तिला आग्रहाने आणले होते. ‘खारदांड्याची शेजारीण’ एवढीच ओळख करून दिली होती. खेळ चालू असताना तिची नजर पडद्यावरून हलली नव्हती, त्याची जमिनीवरून. तिच्या हातातला वडा थंड झाला होता.

“द्या त्याला,” नंदाताई अखेर म्हणाल्या. “मंडळाकडे कुणाचं काही राहायला नको.”

खजिनदार स्वरदाने चेकबुक उघडले. “एक सांग रे. तुझ्या चित्रपटात हळदीच्या खोलीत पुरुषमाणूस कॅमेरा घेऊन उभा, आणि बायका इतक्या मोकळ्या कशा?”

कृणाल पाणी प्यायला.

रक्कम लिहून झाली. तेव्हा त्याने खिशातून स्वतःचा एक चेक काढून शेजारी ठेवला. माहितीपटाला महोत्सवात मिळालेल्या बक्षिसाची पुरी रक्कम त्यावर होती. नाव त्यावरही नव्हते.

“हा कशाला?” नंदाताईंनी विचारले.

“दोन्हीवर एकच नाव लिहा. हेमांगी लवू कोळी.” शेवटच्या रांगेकडे पाहण्याचे धैर्य त्याला झाले नाही. “कॅमेरा तिनं धरला होता, काकू. मी फक्त शेवटी माझं नाव घातलं.”