विहिरीत सोडलेली मेणबत्ती

आमच्या वॉरिंगा गावची नवी विहीर दोन महिने फळ्यांनी झाकलेली होती. राणीच्या वाढदिवशी पंप बसवायला ट्रेंबाथ मिस्त्रीनं शिडीवर पाय ठेवला, बँड दणाणला आणि नगराध्यक्षांची चुळबुळ सुरू झाली. "थांब रे!" खिशातून मेणबत्ती काढून त्यांनी पेटवली, दोरीला बांधून आत सोडली. "भर दुपारी दिवा?" नगरसेवक गिल्क्रिस्ट ओरडला. "बिअर गाळण्यात हयात गेली, आता पाण्याची भीती वाटते होय?" सगळे खदाखदा हसले, ट्रेंबाथसुद्धा. दहा हातांवर, आत कोंडलेल्या विषारी हवेत, ज्योत बारीक होऊन विझली. बँड थांबला. उतरला असता, तर ट्रेंबाथही असाच विझला असता. त्यानं पाय मागे घेतला आणि विचारलं, "साहेब, तुम्हाला कसं कळलं?" काळी वात चिमटीत धरून नगराध्यक्ष म्हणाले, "माझा भाऊ बिअरचा हौद धुवायला निघालेला. आधी मेणबत्ती सोडू म्हणाला. मी हसलो. तो तसाच उतरला."