नवसाची कुस्ती

सलामी झाली, आणि सौम्या आपली आपणच धाडदिशी उताणी पडली. ऋतिकानं तिला बोटसुद्धा लावलं नव्हतं.

बेळगुंदीच्या देवीच्या जत्रेतलं अख्खं मैदान हसलं. ऋतिकाला मात्र रडू फुटायचं बाकी होतं. गेल्या पावसाळ्यात आजारानं तिच्या हातापायांतली ताकदच काढून नेली होती. महिनाभर नळीतून श्वास. डॉक्टर म्हणाले, चालशील, कुस्ती विसर. ती चालली, पळाली, हट्टानं तालमीत गेली. पण तिथल्या पोरी तिचा हात लागायचा अवकाश, पिकल्या आंब्यासारख्या गळून पडायच्या. कीव म्हणून. ताकद खरंच परत आली का, हे तिला कुणी कळूच देईना. म्हणून तिनं जोडीला निपाणीची सौम्या मागून घेतली होती. सौम्या कुणाची भीड ठेवणारी नव्हती.

"ऊठ गं! खरी लढ की!"

"गप छातीवर बस," सौम्या कुजबुजली. "तू बरी झालीस तर पहिली कुस्ती तुला सोडीन, असा नवस हाय माझा."

तेवढ्यात कडेनं ऋतिकाची आई बाळाबाई ओरडली, "ऋते, तू पड! तुझी पाठ देवीच्या मातीला लावीन म्हणून बोललोय मी!"

"आणि हे आत्ता सांगतीस व्हय?"

"आधी सांगितलं असतं तर आली असतीस?"

देवी एक, नवस दोन. आईचा शब्द मोडायचं ऋतिकाच्या जिवावर आलं. ती सौम्याच्या शेजारी आडवी झाली. दोघी आभाळाकडं बघत पडून राहिल्या.

"झोपायला आलाय व्हय गं?" पंच भरमू अण्णा खवळले. "एकीनं दुसरीला खाली दाबल्याशिवाय निकाल न्हाय!"

मग जुंपली. ऋतिका सौम्याला ओढून अंगावर घेऊ बघायची, सौम्या टाचा रोवून मातीला चिकटायची. आता कीव कसली? देवीचा प्रश्न होता. तिनं ऋतिकाचे हात पिरगळले, मान दाबली. कुणाच्या नावानं ओरडायचं ते लोकांना कळेना. हलगीवाला वाजवायचं विसरला.

शेवटी ऋतिकानं तिच्या कमरेला मिठी घातली, दातओठ खाल्ले, तिला मातीतून उपटून वर घेतलं आणि तशीच मागं कोसळली. पाठ मातीत, छातीवर सौम्या.

भरमू अण्णांनी सौम्याचा हात वर केला. जिंकलेली सौम्या हमसून रडायला लागली. हरलेली ऋतिका उठेचना. बाळाबाईचा नवस फिटला होता, तरी ती धावत आत शिरली.

"लागलं काय गं, बाळा?"

ऋतिका मातीत पडल्या पडल्या हसत होती.

"आई, ही जीव खाऊन नको म्हणत होती गं. तरी उचललं की मी हिला!"