संपतचा अडाखा

“काढायचा का ठिवायचा?” गेणभाऊंनी विचारलं. नेहमीप्रमाणे आधी थोरल्या मुलाला.

प्रश्न बराखीत साठवलेल्या कांद्याचा होता. आत्ता विकायचा, की भाव चढायची वाट बघायची. महाळुंगे पडवळच्या त्या घरात दर पावसाळ्यात तो एकदा निघायचा. हा सत्त्याण्णवचा पावसाळा होता.

“काढायचा,” चांगदेव म्हणाला आणि तीन कारणं दिली, क्रमाने. तो ज्युनिअर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचा. घरातही विधानापासून निष्कर्षापर्यंत तो पायीच जायचा.

गेणभाऊंनी मान डोलावली. मग सगळं घर धाकट्या संपतकडे वळलं. आई वळली. चांगदेवची स्वतःची बायकोसुद्धा हातातली शेंग अर्धी सोललेली ठेवून वळली.

संपत दहावी नापास. त्याने एक कांदा उचलला, हुंगला आणि आभाळाकडे बघितलं. आता तो एक शब्द बोलणार, आणि तसंच होणार. सात वर्षं हेच चाललं होतं. सात वर्षं तो बरोबर येत होता.

अटकळ, कयास, ठोकताळा, अडाखा, तर्कट. आधार नसलेल्या विचाराची ही नावं चांगदेव दरवर्षी फळ्यावर लिहायचा. पाचांनाही उदाहरण एकच द्यायचा: ‘समजा, एक माणूस कांदा हुंगतो.’ मुलं ते परीक्षेत लिहीत. तो पूर्ण मार्क देई. पण पेठच्या स्टँडवर कुणी “संपतचं भाऊ ना तुमी?” म्हटलं, की त्याचा दिवस नासायचा. त्यात गेणभाऊंनी भावकीत बोलून टाकलं होतं, की दसऱ्याला कारभार एकाच्या हाती देणार. नाव घेतलं नव्हतं. घ्यायची गरज कुणाला वाटत नव्हती.

“थांबा आबा,” चांगदेव म्हणाला. “आज याने कारण सांगावं. सगळ्यांसमोर. सांगितलं तर कारभार त्याचा, मी तोंड उघडणार नाही. नाही सांगता आलं तर माझा.”

“आसूं दे ना दादा. आतून येतं.”

“आतून ढेकरही येते.”

आई साळुबाई हसल्या. संपत हसला नाही. त्याने वडलांकडे बघितलं. “सांगू का, आबा?”

“सांग बाबा. लईच मागं लागलाय.”

“दादा, मला कांद्यातलं काय बी कळत न्हाई,” संपत म्हणाला. “तू कॉलेजात लागलास, तवा दोन वर्सं आमी तुझंच ऐकलं. पयल्या साली म्हणलास ठिवा. ठिवला, निम्मा सडला. दुसऱ्या साली म्हणलास काढा. काढला, आन् पंधरा दिसांत भाव दुप्पट. तवापास्नं तू म्हणशील त्याच्या उलटं करतो. येकदा बी चुकलं न्हाई.”

घरात कुणालाच नवल वाटलं नाही. ही गोष्ट चांगदेव सोडून सगळ्यांना माहीत असावी.

“मग हुंगतोस कशाला?”

“तुला वाईट वाटू ने म्हणून.”

चांगदेवने यात दोष शोधला. आधी मनात, मग बोटांवर. नियम होता, पुरावा होता, सात वेळा पडताळा होता. फळ्यावरच्या पाचांपैकी एकही नाव लागू पडेना.

“झालं,” गेणभाऊ म्हणाले. “बोलल्यापरमानं कारभार संपतचा. पण पोरा, आता उपेग काय त्याचा? ह्याला ठाव झालं. आता ह्यो फिरवून बोलायचा.”

संपतचा चेहरा उतरला. नवा कारभारी उठून थोरल्याच्या पुढ्यात येऊन बसला.

“दादा, रब्बीला बटाटा लावायचा का न्हाई?”

चांगदेवने पाठ फिरवली.

“रागावू नको राव. मनात येईल ते बोल, पयल्यासारखं,” संपत काकुळतीने म्हणाला. “तुझ्याबिगर माझा कारभार व्हायचा न्हाई.”