दंडातला उंदीर

फिजिओथेरपीच्या बाईंनी मशीनच्या वायरी काढल्या आणि दोन बोटं मिस्त्रींच्या उजव्या दंडावर टेकवली. आज मशीन नको, म्हणाल्या. हात कोपरातून वाकवायचा. नाही वाकला तरी चालेल, पण मन लावून वाकवायचा.

मिस्त्री शिडीवरून पडले त्याला पाच महिने झाले होते. खांद्यापाशी नस दुखावली आणि चाळीस वर्षं रंधा मारलेला हात लुळा पडला. दंड इतका वाळला की शर्टाची बाही नुसती लोंबायची. या महिन्यात हालचाल दिसली नाही तर पुढं फारशी आशा धरू नका, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याच दिवशी मिस्त्रींनी बायकोला हत्यारांची पेटी माळ्यावर टाकायला लावली.

त्यांनी डोळे मिटले, दात आवळले. हात उशीवर ओंडक्यासारखा पडून राहिला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा बाईंची बोटं थबकली.

"परत करा," त्या म्हणाल्या. "आणि बघा इकडे."

मिस्त्रींनी परत केलं. कातडीखाली काहीतरी सुळकन सरकलं आणि गप्प झालं. हात वाकला नव्हता. पण सरकलेलं दोघांनीही पाहिलं.

मिस्त्री दंडाकडे वाकले. मग म्हणाले, "पाच महिने डोंगर पोखरला बाई, आणि निघाला काय, तर उंदीर."

बाईंना हसू आवरेना. मिस्त्री ओशाळले, तेव्हा बाईंनी सांगितलं, की इंग्रजीत स्नायूला मसल म्हणतात, तो शब्द लॅटिनमधला, आणि त्याचा मूळ अर्थच छोटा उंदीर. आपल्या मूषकाचा भाऊबंद. फार पूर्वी कुणाला तरी कातडीखाली हलणारा स्नायू तसा दिसला असावा. कॉलेजात सरांनी पहिल्याच तासाला सांगितलं होतं.

आम्ही तर लहानपणी बेटकुळी म्हणायचो, मिस्त्री म्हणाले. पण मग त्यांचं त्यांनाच वाटलं, बेटकुळी काढायला दंड भरलेला लागतो. त्यांनी बाईंकडून मूळ शब्द दोनदा म्हणवून घेतला. "मुस्कुलुस," स्वतः म्हणून पाहिला.

"नाव ठेवणारा कारागीर असणार," ते म्हणाले. "नुसतं बसून असं सुचत नाही. कुणाच्या तरी हातावर बोटं ठेवून वाट बघितली असणार त्यानं."

बाईंनी बोटं अजून उचलली नव्हती.

बाहेर बाकावर बायको बसली होती. पाच महिन्यांत तिनं कधी काही विचारलं नव्हतं. मिस्त्रींचा चेहरा बघायची आणि चालू लागायची. आज मिस्त्री तिच्या शेजारी टेकले, डाव्या हातानं तिचा हात उचलला आणि आपल्या दंडावर ठेवला.

"अहो, झालं काय?"

"हळू बोल," मिस्त्री म्हणाले. "बुजेल."