टॅबमधल्या आईची दृष्ट

रेवती तापातून उठली, म्हणून वृंदा मीठ-मिरच्या मुठीत घेऊन लेकीची दृष्ट काढायला आली.

"आधी आईची काढ," रेवती म्हणाली.

वृंदाला भरून आले. पण पोरीने उशीखालून टॅब काढून पुढे धरला. त्यात वृंदाच हसत होती. ऑनलाइन समुपदेशकांनी ती बनवून दिली होती. चेहरा वृंदाचा, आवाजही तिचाच, फक्त ही कधी ओरडायची नाही. तुम्हाला थोडा आधार म्हणून, असे ते म्हणाले होते. आता रेवती हिलाच आई म्हणायची. वृंदाला ती हाकच मारत नसे.

"काढली तर मलाही आई म्हणशील?" वृंदाने विचारले.

"आधी काढ तर!"

वृंदाने टॅबवरून मूठ ओवाळली आणि मिरच्या तापल्या तव्यावर टाकल्या. रेवती टॅब घेऊन मागोमाग आली. मिरच्या जळून काळ्या झाल्या, पण ठसका काही लागला नाही.

"वाससुद्धा नाही! म्हणजे केवढी दृष्ट लागली होती," रेवती टॅबकडे बघत म्हणाली. "कुणाची गं, आई?"

टॅबमधून वृंदाचाच आवाज आला, अगदी मायेने.

"असू दे, बाळा. तिच्यावर रागावू नकोस."